नागपुरातून पहिलं मेटल गाणं बाहेर काढताना

आमच्या हेवी मेटल बँडचं पहिलं गाणं एका गुरुवारी रात्री पूर्ण झालं. त्याच रात्री आम्ही ते डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणाऱ्या सेवेकडे, चढवलं आणि दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली. दोन वर्षं प्रतापनगरच्या एका खोलीत घासलेलं गाणं. आता एक दिवसही धीर निघत नव्हता. काही ॲपवर ते शुक्रवारी दिसलं, काहींवर थेट रविवारी. मित्रांनी ऐकलं, शाबासकी दिली आणि सोमवारपर्यंत सगळं शांत झालं. गाणं बनवणं आणि ते बाहेर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तेव्हा कळलं.

आधी रेकॉर्डिंगबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. आम्ही मे महिना निवडला, कॉलेजला सुट्ट्या म्हणून. नागपूरचा मे! कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये येते, बंद केला तर पाचव्या टेकला (म्हणजे पाचव्यांदा रेकॉर्ड करताना) गायकाचा घसा कोरडा पडतो आणि गिटार सुरातून उतरते. ड्रॉप सीसारख्या खालच्या ट्यूनिंगला तारा आधीच सैल असतात, त्यामुळे जाड तारा लावा आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघाच. लाइट गेली की इन्व्हर्टरवर गिटार रेकॉर्ड करू नका; साध्या इन्व्हर्टरची भणभण डिस्टॉर्शनमधून दसपट होऊन येते. आमचे एका रात्रीचे सगळे टेक त्यापायी गेले. जमल्यास डिसेंबर-जानेवारी धरा.

गिटार डीआयनं, म्हणजे ॲम्पसमोर माइक न लावता तारेनं, थेट इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीत) घ्या, ॲम्पचा आवाज नंतर सॉफ्टवेअरमधून बसवता येतो. शेजारीही झोपतात. डावी आणि उजवी गिटार मात्र दोनदा वेगवेगळी वाजवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो.

ड्रम्स आणि मिक्सिंगसाठी आम्ही एका स्टुडिओत गेलो. तिथे मुख्यतः भीमगीतं आणि भजनं रेकॉर्ड होत. तिथल्या दादांनी मेटल कधी मिक्स केलं नव्हतं, आणि आम्ही मनातल्या मनात धास्तावलो होतो. पण आमचा डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी भरभर वाजवलेला मोठा ड्रम, चिखलासारखा एकजीव वाजत होता, तो त्यांनीच सोडवला. ढोलकीची थाप गर्दीतून कशी वर काढायची हे त्यांच्या बोटांत होतं: खालचा गुरगुराट थोडा कापला, बीटरचा (ड्रमवर आपटणाऱ्या पेडलच्या दांडीचा) ‘टक्’ वर आणला, आणि बास गिटारला किकच्या खाली जागा करून दिली. आपल्या शहरात कानाची माणसं आहेत. ती मेटल ऐकत नाहीत म्हणून त्यांना टाळू नका.

रिलीजचा धडाही त्यांनीच दिला. आमची शुक्रवारची कहाणी ऐकून म्हणाले, “कशाची घाई करून राहिले होते, पोट्टेहो? १४ एप्रिलचं गाणं इथे फेब्रुवारीतच बांधून ठेवतात लोकं.” दुसऱ्या गाण्याला आम्ही तेच केलं. मास्टर झालेली, म्हणजे मिक्सनंतर शेवटचा हात फिरवलेली, वेव्ह फाइल हातात आल्यावरच तारीख ठरवली, चार आठवडे पुढची. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशित होण्याआधीच पाठवावं लागतं. निदान सात दिवस आधी पाठवलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीतही ते जातं. पहिल्या गाण्याला ही संधी आम्ही स्वतःच घालवली होती.

मास्टर अतिशय मोठ्या आवाजाचा करायचा हट्ट सोडा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणतं. पिळून सपाट केलेलं गाणं तिथे उलट मरगळलेलं वाटतं.

पैशाचं थोडक्यात. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्याची रॉयल्टी सुरू होते. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर किंमत तुम्ही ठरवता, डिजिटल विक्रीतून ते साधारण १५ टक्के घेतात. मेटल ऐकणारे तिथे खरंच विकत घेतात. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची ओळख) वहीत लिहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच दिला नाही तर आधीचे आकडे मागे राहू शकतात. गीत आणि चाल कोणाची, वाटा किती, हे रिलीजआधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. मैत्री पक्की असते तेव्हाच हे बोलणं सोपं जातं.

कॉलेजच्या महोत्सवात लोक कव्हर, म्हणजे दुसऱ्या बँडची गाणी, मागतील. चार कव्हरमध्ये एक स्वतःचं वाजवा, गाण्याचं नाव दोनदा सांगा. मेटलसाठी मुंबई-बंगळुरूलाच राहावं लागतं असंही नाही: दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडनं इंटरनेटवर व्हिडिओ टाकत सुरुवात केली आणि २०१९ मध्ये ते जर्मनीत वाकेन या मेटल महोत्सवाच्या मंचावर होते.

आमच्या तिसऱ्या गाण्याचे ड्रम्स जानेवारीत झाले. गायकाचे दोन टेक बाकी आहेत. तारीख अजून कोणालाच सांगितलेली नाही.