काळ्या पट्ट्या राहू द्या : घरच्या टीव्हीवर सिनेमाची चौकट बरोबर कशी लावावी

नवा टीव्ही भिंतीवर चढला की पहिली तक्रार येते ती वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांची. एवढे पैसे मोजून मोठा टीव्ही आणला आणि चित्र मधल्या पट्टीतच, मग कोणीतरी रिमोट घेऊन ‘झूम’ दाबतं. पट्ट्या जातात, पण त्यांच्याबरोबर चित्राच्या दोन्ही कडाही जातात. रुंद पडद्यासाठी काढलेल्या सिनेमाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या एका बटणाने कापला जातो.

म्हणून वाइडस्क्रीन (पट्ट्यांसकट पूर्ण रुंद चित्र) की फुलस्क्रीन (पडदा भरणारं चित्र), या प्रश्नाला आमचं उत्तर एकच आहे. सिनेमा ज्या चौकटीत बांधला गेला, त्याच चौकटीत तो पाहावा. मग पट्ट्या वर-खाली येवोत नाहीतर डाव्या-उजव्या बाजूला. त्यासाठी टीव्ही आणि त्याला जोडलेली यंत्रं एकदा नीट लावून ठेवावी लागतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी थोडं गणित

आजचा प्रत्येक टीव्ही १६:९ असतो, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५३.५ सेंमी उंच भरतो. सिनेमे मात्र वेगवेगळ्या मापांचे आहेत.

बोलपटांच्या पहिल्या दोन दशकांतला सिनेमा जवळजवळ चौकोनी आहे, १.३७. प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ त्याच काळातला. दूरदर्शनच्या जुन्या मालिका ४:३ म्हणजे १.३३च्या. ४३ इंची टीव्हीवर १.३७चं चित्र ७३ सेंमी रुंद दिसतं आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा सेंमी काळं राहतं.

१९५३ साली ‘द रोब’ने सिनेमास्कोप हे खूप रुंद चित्राचं तंत्र आणलं, हिंदीत ते १९५९च्या ‘कागज के फूल’ने आलं. थिएटरवाले ज्याला नुसतं ‘स्कोप’ म्हणतात, ते माप आज २.३९ आहे. त्याच टीव्हीवर स्कोप चित्र सुमारे ४० सेंमी उंच बसतं, वर-खाली पावणेसात-पावणेसात सेंमीच्या पट्ट्या येतात. १.८५ हे तिसरं प्रचलित माप. त्यात पट्टी एखाद्या सेंटिमीटरची असते, लक्षातही येत नाही.

पायरी १ : टीव्हीची पिक्चर साइझ

ही सेटिंग पिक्चर किंवा स्क्रीन या मेनूत असते. नावं मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात.

- सॅमसंग : ‘पिक्चर साइझ’ → ‘१६:९ स्टँडर्ड’, आणि त्याखालचं ‘फिट टू स्क्रीन’ चालू.
- एलजी : ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ → ‘१६:९’, आणि ‘जस्ट स्कॅन’ चालू.
- सोनी : ‘वाइड मोड’ → ‘फुल’, आणि ‘डिस्प्ले एरिया’ → ‘फुल पिक्सेल’.

‘झूम’, ‘वाइड झूम’, ‘सिनेमा झूम’, ‘स्ट्रेच’ असली नावं दिसली की तिथे जायचं नाही. सोनीचा ‘वाइड झूम’ विशेष फसवा आहे : मधलं चित्र बऱ्यापैकी ठीक राहतं आणि कडा जास्त ताणल्या जातात. त्यामुळे मध्ये उभा असलेला माणूस नॉर्मल वाटतो आणि तोच चालत कडेला गेला की जाड होतो.

बऱ्याच टीव्हींमध्ये ही सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळी साठवली जाते. एचडीएमआय १वर सेट-टॉप बॉक्स आणि एचडीएमआय २वर प्लेअर असेल, तर दोन्हीकडे जाऊन तपासा. टीव्हीतल्या अ‍ॅप्सचंही तसंच.

‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ बंद असेल तर टीव्ही चित्र जरासं मोठं करून चारही कडा कापतो. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, त्या झाकायला ही सोय होती. आज तिची गरज नाही. ओळखायचं कसं? मराठी वृत्तवाहिनी लावा आणि तळाशी पळणारी बातम्यांची पट्टी पाहा. तिच्यातल्या अक्षरांचे उकार कापले जात असतील, किंवा कोपऱ्यातलं घड्याळ कडेला चिकटलं असेल, तर कडा कापल्या जात आहेत.

पायरी २ : सेट-टॉप बॉक्स आणि प्लेअर

घोळ बहुतेक वेळा इथे असतो. घरातला जुना ४:३ टीव्ही गेला, पण बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर तोच राहिला. त्याच्या मेनूत ‘टीव्ही टाइप’ अजून ‘४:३ लेटरबॉक्स’ किंवा ‘४:३ पॅन स्कॅन’वर आहे. असा प्लेअर रुंद चित्र आधी चौकोनात कोंबतो, आणि टीव्ही तो चौकोन पुन्हा आडवा ताणतो. परिणाम : वर-खाली पट्ट्याही आणि माणसं जाडही.

प्लेअरमध्ये ‘टीव्ही टाइप’ १६:९ करा. बॉक्समध्ये व्हिडिओ आउटपुट १०८०आय किंवा १०८०पी आणि अ‍ॅस्पेक्ट रेशो १६:९ ठेवा. बॉक्सच्या रिमोटवर ‘रेशो’ किंवा ‘वाइड’ असं बटण असेल तर ते चुकून दाबलं जातं. चित्र अचानक बिघडलं की पहिला संशय त्यावर घ्यावा.

आकार बदलण्याचं काम एकाच यंत्राने करावं, हा नियम पाळला तर गोंधळ होत नाही. प्लेअर किंवा बॉक्स १६:९ची पूर्ण चौकट तयार करून पाठवेल, टीव्ही ती जशीच्या तशी दाखवेल.

पायरी ३ : गोल वस्तू मोजा

डोळा फसतो. दोन आठवडे ताणलेलं चित्र पाहिलं की तेच बरोबर वाटायला लागतं. त्यासाठी मोजपट्टी घ्या.

सिनेमात समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा : भिंतीवरचं घड्याळ, बैलगाडीचं चाक, पूर्ण चंद्र. ती तिरपी नको, कॅमेऱ्याला सरळ तोंड करून असावी. चित्र थांबवा आणि पडद्यावर न दाबता उंची आणि रुंदी मोजा. दोन्ही सारखी आली की काम झालं. उंची १२ सेंमी आणि रुंदी १६ सेंमी आली, तर ४:३चं चित्र १६:९मध्ये ताणलं जात आहे. टीव्हीचा ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ मोड लावा. उलट, वस्तू उभट लांबट आली तर स्कोपचं चित्र उभं ताणून पट्ट्या घालवल्या आहेत.

जुन्या मालिका आणि कृष्णधवल चित्रपट इंटरनेटवर ताणलेल्याच अवस्थेत चढवलेले पुष्कळ सापडतात. तिथे टीव्हीची सेटिंग बरोबर असूनही चाक अंड्यासारखं दिसतं, कारण दोष फाइलमध्ये आहे. संगणकावर अशी फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून इंग्रजी ‘ए’ दाबत राहिलं की मापं एकामागून एक बदलतात, ४:३वर थांबा. ‘सी’ बटणापासून मात्र सावध, ते चित्र कापतं.

पायरी ४ : प्रत निवडताना

डीव्हीडीच्या काळात एकाच सिनेमाच्या दोन प्रती निघायच्या, वाइडस्क्रीन आणि फुलस्क्रीन. जुन्या बाजारात, लायब्ररीत किंवा घरच्या कपाटात त्या अजून भेटतात. मागचं कव्हर वाचा. ‘अ‍ॅनामॉर्फिक’ किंवा ‘एन्हान्स्ड फॉर १६:९’ लिहिलेली वाइडस्क्रीन प्रत घ्यावी, तिच्यात रुंद चित्र १६:९च्या पडद्यासाठीच साठवलेलं असतं. सुरुवातीलाच ‘हा चित्रपट तुमच्या पडद्यात बसवण्यासाठी बदलला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली, तर ती पॅन अँड स्कॅन प्रत आहे.

पॅन अँड स्कॅन म्हणजे रुंद चित्रातला एक चौकोनी तुकडा उचलायचा आणि प्रसंगाप्रमाणे तो डावीकडे-उजवीकडे सरकवायचा. २.३९चं चित्र ४:३मध्ये असं बसवलं की ४४ टक्के चित्र जातं. समजा, पडद्याच्या डाव्या टोकाला आई चुलीपाशी बसली आहे आणि उजव्या टोकाला दारात मुलगा उभा आहे, दोघांमध्ये रिकामी ओसरी. दिग्दर्शकाने ते अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. चौकोनी प्रतीत आधी नुसती आई, मग कट, मग नुसता मुलगा. ओसरी गेली, आणि आई ऐकत असतानाचा तिचा चेहराही गेला. मूळ सिनेमात नसलेला तो कट संकलकाच्या नावावर जमा होतो, हे आम्हाला सर्वांत खटकतं.

प्रत्येक फुलस्क्रीन प्रत कापलेलीच असते असं मात्र नाही. १.८५चे काही सिनेमे कॅमेऱ्यात जवळजवळ चौकोनी चित्रित होतात आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून दाखवतात. टीव्हीसाठी ते झाकण काढलं की जास्त दिसतं, कधीकधी वरून डोकावणारा माइकसुद्धा. जास्त दिसलं म्हणून ती प्रत अधिक खरी ठरत नाही. छायालेखकाने रचना झाकलेल्या चौकटीसाठीच केलेली असते.

जुन्या चौकोनी चित्रांवर उलटा अन्याय होतो : पडदा भरण्यासाठी त्यांचं डोकं आणि पाय कापतात, २५ टक्के उंची जाते. नोव्हेंबर २०१९मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचे जुने भाग असेच कापून आले होते आणि चित्रातले काही विनोदच चौकटीबाहेर गेले. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर मे २०२०मध्ये मूळ ४:३चा पर्याय मिळाला. ओटीटीवर जुनी मालिका लावताना तपशिलाच्या पानावर असा पर्याय आहे का, ते पाहून घ्यावं.

काही सिनेमांत पट्ट्या मध्येच जातात आणि परत येतात. ‘द डार्क नाइट’च्या ब्लू-रेवर आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेले प्रसंग पूर्ण पडदा भरतात, बाकीचे स्कोपमध्ये आहेत. तिथे रिमोटला हात लावू नका.

झूम कधी लावावा

चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधोमध छोटं चित्र दिसत असेल, तर झूमच बरोबर. जुन्या, अ‍ॅनामॉर्फिक नसलेल्या डीव्हीडीवर आणि काही एसडी (एचडी नसलेल्या) वाहिन्यांवर असं होतं : रुंद चित्र आधी ४:३च्या चौकोनात पट्ट्यांसकट बसवलेलं असतं, आणि टीव्ही त्या चौकोनाला बाजूच्या पट्ट्या जोडतो. झूमने फक्त काळं जातं, चित्र शाबूत राहतं. पट्टीत छापलेली सबटायटल्स मात्र कापली जाऊ शकतात, तेवढं आधी बघा. सिनेमा संपल्यावर सेटिंग परत जागेवर आणा.

पट्ट्या खुपत असतील तर

बहुतेक वेळा पट्ट्या काळ्या नसून राखाडी दिसतात, म्हणून त्या खुपतात. रात्री खोली अंधारी करून पाहिलं की एलसीडी टीव्हीचा मागचा प्रकाश पट्ट्यांतून झिरपतो. उपाय तीन : बॅकलाइट कमी करा, ‘लोकल डिमिंग’ (चित्राच्या काळ्या भागामागचा प्रकाश मंद करणारी सोय) असेल तर चालू करा, आणि टीव्हीच्या मागे भिंतीवर पांढऱ्या प्रकाशाची मंद एलईडी पट्टी लावा, ६५०० केल्विनची, रंगीत नको. एवढं करूनही काळा रंग दुधाळ वाटला तर ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ ऑटोवर किंवा ‘लो’वर ठेवून पाहा. सावल्यांतला तपशील बुडाला तर परत फिरा.

प्रोजेक्टरवाल्यांना याहून चांगला मार्ग आहे. १०० इंची १६:९ पडदा सुमारे २२१ सेंमी रुंद असतो आणि स्कोपमध्ये वर-खाली सोळा-सोळा सेंमी रिकामं राहतं. तेवढ्या रुंदीच्या काळ्या मखमलीच्या दोन पट्ट्या, आतून पातळ लाकडी पट्टी घालून, पडद्याच्या चौकटीवर अडकवा. चमकणारं सॅटिन चालत नाही, ते प्रकाश परत फेकतं. कडा काळ्याशार झाल्या की चित्र लगेच उठून दिसतं.

फोनवर

आजचे बरेच फोन २०:९ असतात, म्हणजे टीव्हीपेक्षाही लांबट. स्कोप सिनेमा दोन बोटांनी ताणून भरला तर रुंदीतलं सात टक्के जातं. १६:९ची मालिका ताणली तर उंचीतलं २० टक्के जातं, म्हणजे कपाळं आणि सबटायटल्स. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘झूम टू फिल स्क्रीन’ असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक व्हिडिओ आपोआप कापून दिसतो.