हायपरवायजर बदलताना गेस्ट टूल्सचं काय करायचं?

एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायजर, आणि त्या मशीनच्या आत बसवलेले त्याचे ड्रायव्हर व मदतनीस प्रोग्राम म्हणजे गेस्ट टूल्स. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही हायपरवायजर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली. हिंगणा एमआयडीसीतला कारखाना असो की धंतोलीतलं सीएचं ऑफिस, टॅलीचा सर्व्हर प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरवायजरवर न्यायचा विचार तिथे होतोच. प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती ८.२ पासून ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरवायजरमधली व्हीएम थेट आयात करता येते. म्हणजे डिस्क हलवणं सोपं झालंय. घोळ होतो तो आतल्या ड्रायव्हरचा.

आधी बॅकअप घ्या, स्नॅपशॉट (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या स्थिती) काढून टाका, आयपीची माहिती कागदावर उतरवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर तो स्थगित करून रिकव्हरी की जवळ ठेवा. जुन्या मशीनवरच विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर (प्रॉक्समॉक्सची आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्ड ओळखणारे) टाका आणि मगच व्हीएमवेअर टूल्स काढा. हे काम कन्सोलवरूनच करा, कारण टूल्सबरोबर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर जातो आणि रिमोट डेस्कटॉप तुटतो. टूल्स 'नंतर काढू' म्हणून ठेवलीत, तर नव्या जागी त्यांचा अनइन्स्टॉलर चालायलाच नकार देतो आणि रजिस्ट्री हाताने साफ करत बसावं लागतं.

आयात करताना जुन्या मशीनचं फर्मवेअर (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बायोस असेल तर सीबायोस, ईएफआय असेल तर ओव्हीएमएफ निवडा.

आता मुख्य गोष्ट. ड्रायव्हर टाकला तरी विंडोज तो बूटच्या वेळी उचलेलच असं नाही. मग 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येते. म्हणून पहिल्यांदा बूट डिस्क साटा या प्रकारच्या जोडणीवर लावा आणि सोबत १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझी या जोडणीवर जोडा. विंडोजला ती दिसली की मशीन बंद करा, बूट डिस्क स्कझीवर आणा, बूट ऑर्डर तपासा आणि रिकामी डिस्क काढून टाका.

जुनं नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपून बसतं. लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ते काढा, मग आयपी भरा.

लिनक्सला व्हर्टआयओ मुळातच येतं. तरी रेड हॅटच्या घराण्यात निघण्यापूर्वी ड्रॅकट या आज्ञेने व्हर्टआयओसकट इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी फाइल) नव्याने बांधा. ओपन-व्हीएम-टूल्सच्या (लिनक्ससाठीच्या व्हीएमवेअर टूल्सच्या) जागी क्यूईएमयू गेस्ट एजंट हा प्रॉक्समॉक्ससाठीचा मदतनीस प्रोग्राम टाका. तो प्रॉक्समॉक्सच्या ऑप्शन्समध्येही चालू करावा लागतो, हे हमखास राहतं. नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ वरून ईएनएस१८ असं काही होईल, त्याप्रमाणे कॉन्फिग बदला.

जुनी व्हीएम महिनाअखेरीची बिलं निघेपर्यंत बंद अवस्थेत राहू द्या. दोन्ही एकाच वेळी चालू केल्या तर आयपीवरून भांडतील.