पहिलं पाणी टाकीत घेऊ नका

आभाळ भरून आलंय, म्हणून बाकीचं बाजूला ठेवून हेच आधी सांगतो. छतावरचं पहिलं पाणी टाकीत सोडू नका. दरवर्षी कोणीतरी "पाणी काय वाया घालवायला आहे का?" म्हणत पन्हळीचा पाईप सरळ टाकीत सोडतो. उन्हाळाभराची धूळ, पाखरांची विष्ठा, कुजका पाला, सगळं आत. तेव्हा काही कळत नाही. पाऊस ओढ देतो, रोपं माना टाकतात आणि कॉक उघडला तर ठिबकच्या तोट्या गाळानं बुजलेल्या. टाचणीनं एकेक मोकळी करेपर्यंत शेवटच्या ओळी गेलेल्या असतात. टाकी तुडुंब आणि रोपं करपलेली, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. पहिला 1 ते 2 मिलिमीटर सोडून द्या अशी शिफारस आहे. 100 चौरस मीटरला 100 ते 200 लिटर. हंगामाच्या पहिल्या पावसाला आणि लांबलेल्या उघडिपीनंतर मी 200 च धरतो. काचेच्या ग्लासात धरा, पलीकडची छापील अक्षरं वाचता आली नाहीत तर अजून वाहू द्या. हे पाणी झाडाच्या आळ्यात वळवा, म्हणजे जीव तुटायला नको.

महागडा तयार फिल्टर गळ्यात मारायला विक्रेते येतीलच. टाकीआधी पाईपला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि त्याच्या खालच्या तोंडाला कॉक, एवढ्यावर काम भागतं. पुढे ड्रममध्ये तळाला मोठी खडी, मग बारीक खडी, वर वाळू. वाळू धुऊनच भरा, नाहीतर चिखल तीच देते.

इतर कामं:
- छत, पन्हळ झाडणे
- टाकीचा तळ खरवडणे
- टाकी झाकणे (उजेडात शेवाळ धरतं)
- सांडव्याच्या पाईपला बारीक जाळी. डास आठ-दहा दिवसांत तयार होतात
- रोपांना पाणी पहाटे, बुडाशी पाल्याचं आच्छादन
- भाजी धुतलेलं पाणी वाफ्याला, साबणाचं नको

घरवापराच्या स्वच्छ साठ्याला 1000 लिटरमागे 2.5 ग्रॅम ब्लिचिंग पावडर. बादलीत कालवा, वरची निवळी तेवढी ओता, तासभर थांबा. गढूळ पाण्यात हा डोस फुकट जातो, म्हणजे पुन्हा पहिल्या पाण्यावरच आलो.

छतावरून येणारं पाणी निवळलं की टीचा कॉक बंद करायचा. चार-पाच दिवस कोरडे गेले की पुन्हा उघडून ठेवायचा. लोक नेमकं हेच विसरतात. आजच संध्याकाळी जाऊन पाहा, तुमचा कॉक फिरतो की गंजून बसलाय.