दोन कनेक्शनं असूनही नेट एकदमच का जातं? कंपनीसाठी इंटरनेट घेताना या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतली दालमिल असो, सावद्याचं केळीचं कोल्ड स्टोरेज असो की नंदुरबारची मिरचीची पेढी, नेटवरून बिल निघाल्याशिवाय भरलेली गाडी गेटबाहेर काढता येत नाही. म्हणून मालक दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतात, महिन्याला दोन बिलं भरतात. मग रस्त्याच्या कामावर कुठेतरी जेसीबीचा पंजा बसतो आणि दोन्ही लाईनी एकाच मिनिटाला जातात.

कारण साधं आहे. तालुक्याच्या गावात बरेच पुरवठादार स्वतःची केबल टाकत नाहीत, दुसऱ्याच्या केबलमधले कोर (काचेचे तंतू) भाड्याने घेतात. बिलावर नावं दोन असली तरी चरातली केबल एकच असू शकते. म्हणून स्पीड आणि दर विचारण्याआधी रस्ता विचारा: माझ्या गेटपासून फायबर कुठून जाते आणि जिल्ह्याबाहेर कुठून पडते? जळगावातून एक लाईन धुळे-नाशिकमार्गे मुंबईला जात असेल, तर दुसरी भुसावळ-अकोल्याकडून किंवा अजिंठ्यावरून संभाजीनगरला निघणारी हवी. रेलटेलची फायबर रुळांच्या कडेने जाते, पॉवरग्रिडची अतिउच्चदाबाच्या मनोऱ्यांवरून. रस्त्याच्या खोदकामाचा अशा मार्गांना त्रास कमी. पण पुरवठादार अमुक फायबर वापरतो एवढ्यावर थांबू नका, तिथपासून तुमच्या गेटपर्यंतचा तुकडा कसा येतो तेही विचारा.

तोंडी उत्तर धरू नका. मार्गाची केएमएल (नकाशावर रेघ दाखवणारी) फाईल मागा, दोन्ही फाईली गुगल अर्थमध्ये उघडा आणि रेघा कुठे एकावर एक येतात ते पाहा. शेवटचे दोनशे मीटर फार महत्त्वाचे. एक केबल पुढच्या गेटने आली तर दुसरी मागच्या बाजूने घ्या, एकाच पोलवर दोन्ही नकोत. सिमवरचा फोर-जी बॅकअप उपयोगी आहे, पण त्या टॉवरची फायबर त्याच चरातून गेली असेल तर तोही बसतो.

दुसरी मोठी चूक राऊटरमध्ये असते. फायबर तुटली तरी राऊटर आणि ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा) यांच्यातली लॅन वायर शाबूत असते. राऊटरला पोर्ट चालू दिसतो आणि तो मेलेल्या लाईनवरच ट्रॅफिक ढकलत राहतो. म्हणून तपासणी बाहेरच्या पत्त्यावर लावा: एका लाईनवर गुगलचा ८.८.८.८, दुसरीवर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, दर ५ सेकंदांनी पिंग (उत्तर येतं का ते बघणारा छोटा संदेश), सलग ३ चुकले की लाईन बदल. चाचणी घेताना लॅन वायर उपटू नका, त्यात पोर्टच बंद होतो आणि फेलओव्हर (लाईन आपोआप बदलणं) चालतंय असा खोटा दिलासा मिळतो. ओएनटीमागची हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड काढा, टोकाला टोपण लावा, त्यात डोळा घालून बघू नका. लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लागला की घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात बिलिंग पुन्हा सुरू झालं पाहिजे. लाईन बदलली की बाहेरचा आयपी (नेटवरचा पत्ता) बदलतो, म्हणून व्हीपीएनमध्ये (बाहेरून ऑफिसशी जोडणारी सुरक्षित वाट) दोन्ही आयपी आधीच भरून ठेवा. आयपीही तोच राहायला हवा असेल तर स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची स्वतंत्र ओळख), किमान २५६ पत्त्यांचा ब्लॉक आणि दोन्हीकडे बीजीपी (इंटरनेटला आपला मार्ग कळवणारी पद्धत) लागतं. एका मिलसाठी हा खटाटोप सहसा परवडत नाही. गावाला नेट पुरवणाऱ्या ऑपरेटरने मात्र तो टाळू नये.

स्टॅटिक (न बदलणारा) आयपी देऊ असं सांगितलं असेल तर राऊटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे आहात आणि बाहेरून कॅमेरे किंवा सर्व्हर थेट उघडणार नाही.

करारातला अपटाईमचा आकडा तासांत मोजा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद चालतं, ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं. नुसती टक्केवारी पुरत नाही. दुरुस्ती किती तासांत आणि उशीर झाला तर बिलातून किती वजा, हे लेखी घ्या.

सही करण्याआधी आठवडाभर चाचणी मागा. सकाळी ११ ला आणि रात्री ९ ला एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर लागणारा वेळ आणि लॉस, म्हणजे हरवलेली पाकिटं, दाखवणारं साधन) चालवा. मधल्याच एखाद्या टप्प्यावर लॉस दिसला आणि पुढे शून्य असेल तर तो राऊटर फक्त पिंगला उत्तर द्यायचं टाळतोय. लॉस तिथून शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकून राहिला तरच तक्रार करा. जळगाव ते मुंबई जाऊन-येऊन १० मिलिसेकंदांच्या आसपास लागावेत. ४०-५० दिसले तर ट्रॅफिक बहुधा आधी दिल्ली किंवा चेन्नईला जाऊन येतंय.

शेवटी वीज. तुमचा यूपीएस चालू असतो, पण गल्लीतल्या पोलवरच्या पत्र्याच्या डब्यातला नेटवर्क स्विच फिडर गेला की बंद पडतो, आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत तो तापूनही हँग होतो. त्यामुळे तुमच्यापासून पुरवठादाराच्या ऑफिसपर्यंत मध्ये विजेवर चालणारं काही आहे का, ते विचारा. जीपॉनमध्ये (एका फायबरवर अनेक ग्राहक जोडण्याची पद्धत) मधला स्प्लिटर (फायबर वाटणारा तुकडा) विजेविना चालतो, म्हणून शक्य तिथे तेच घ्या आणि जोडणीच्या दिवशी ओएनटीवरची रिसीव्ह पॉवर लिहून ठेवा. उणे २० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर छान, उणे २७ ला पोचली तर कनेक्टर साफ करून किंवा स्प्लाइस (फायबरचा सांधा) पुन्हा करून घेतल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नका.