ईजीआर ब्लॉक करताय? आधी या चुका टाळा

गोव्यात टर्बो डिझेल गाडी घेऊन कुठल्याही गॅरेजात 'पिकअप कमी झालंय' म्हणून गेलात की एक सल्ला हमखास मिळतो: ईजीआरला पत्री मारा. ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन, जळलेल्या वायूचा काही भाग इंजिनात परत सोडणारी यंत्रणा. पत्री म्हणजे एक्झॉस्टमधून इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूकडे, जाणारी वाट बंद करणारी प्लेट. खर्च किरकोळ, काम तासा-दोन तासांचं, आणि नंतर गाडी खरंच मोकळी पळते. म्हणून सल्ला पसरतो. पण मूळ बिघाड गाडीत तसाच राहतो आणि महिन्याभरात चेक इंजिनचा दिवा लागतो.

ताकद वाढेल या आशेने पत्री मारणं

ईजीआर व्हॉल्व्ह जळलेल्या वायूचा काही भाग परत सिलिंडरमध्ये सोडतो. या वायूत ऑक्सिजन कमी असल्याने ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी तयार होतो. डिझेलमध्ये हे आयडलला आणि हलक्या लोडवर चालतं, पेट्रोलमध्ये एका लयीत क्रूझ करताना. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह बंद करतो. त्यामुळे धडधाकट ईजीआर कमाल बीएचपीच्या आड येतच नाही. पत्री मारल्यावर गाडी सुधारली, तर तुमचा व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. तो साफ केला असता तरी तेवढाच फरक पडला असता.

पेट्रोल गाडीत तर उलटंच होतं. ईजीआरचा वायू येणार असं धरून ईसीयूने इग्निशन (ठिणगीची वेळ) पुढे ओढलेलं असतं. वायू आला नाही की अर्ध्या थ्रॉटलवर नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सुरू होतं, नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचतो आणि अ‍ॅव्हरेज घटतं. ऑक्टाव्हिया आरएसच्या दोन लिटर टीएसआयसारख्या इंजिनांना तर बाहेरून बसवलेला ईजीआर व्हॉल्व्हच नसतो, ते काम व्हॉल्व्ह टायमिंग बदलून होतं. त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन ब्रीदरमधून (इंजिनातली तेलकट हवा इनटेककडे नेणाऱ्या नळीतून) येणाऱ्या तेलाच्या वाफेचा असतो. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात तो धुऊन निघत नाही.

कोड न वाचता व्हॉल्व्हला दोष देणं

स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो: पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०४०३ म्हणजे वायरिंग किंवा कॉइलचा दोष. पी०४०३ आला असताना पत्री मारून काय साधणार? आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कनेक्टरच्या पिना हिरव्या करून सोडतो. वास्को, कळंगुट, कोलवा पट्ट्यातल्या गाडीचा कनेक्टर सगळ्यात आधी काढून बघा.

मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा आणि व्हॉल्व्हला उघडायची कमांड द्या. व्हॉल्व्ह उघडला की एमएएफचा, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा खाली यायला हवा, कारण आत येणाऱ्या ताज्या हवेची जागा एक्झॉस्टचा वायू घेतो. व्हॉल्व्ह हलतोय पण आकडा जागचा हलत नाही, तर वाट तुंबली आहे. पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) दिसला तर आधी इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या, होज तपासा. तेलाने भिजून मऊ पडलेली होज क्लॅम्पजवळ फाटते, तेव्हा काळा धूर येतो, पिकअप मरतो, आणि नाव मात्र ईजीआरचं होतं.

ईसीयू फसेल असं समजणं

वर सांगितलेली एमएएफची तपासणी ईसीयू स्वतःही करत असतो. पत्री मारली की पी०४०१ येतो आणि बऱ्याच गाड्या लिंप मोडमध्ये (ईसीयू ताकद मुद्दाम कमी करतो तेव्हा) जातात. पत्रीला छोटं भोक पाडायची युक्ती जुन्या गाड्यांत कधी चालून जाते, पण ते भोक काजळीने बुजतं आणि दिवा पुन्हा लागतो. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत प्रकरण महागात जातं. ईजीआरचा फॉल्ट उभा असेपर्यंत अनेक ईसीयू रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) सुरूच करत नाहीत, आणि फिल्टर भरत जातो.

कायद्याचंही स्पष्ट सांगायला हवं. नोंदणी झालेल्या गाडीत असा बदल करणं मोटर वाहन कायद्याच्या कलम १८२ए(४) खाली येतं: प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'पीयूसी निघते ना' हा युक्तिवाद पोकळ आहे. पीयूसीत डिझेलच्या धुराची घनता मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. बीएस ६ डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम आहे, बीएस ४ ला २५० होती. ही घट साधण्यात ईजीआरचा मोठा वाटा आहे.

साफसफाईत होणारे घोटाळे

चालू डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारू नका. तो इंधनासारखा जळतो आणि इंजिन हाताबाहेर पळू शकतं. शिवाय काजळीचा सुटलेला खडा आत गेला तर व्हॉल्व्हच्या सीटवर बसतो. व्हॉल्व्ह काढूनच साफ करायचा.

एक्झॉस्टकडचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतात. आदल्या संध्याकाळी त्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटून मॅनिफोल्ड उतरवायची पाळी येते. दुसऱ्या दिवशी, इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढा. व्हॉल्व्ह हातात आला की मोटरची बाजू वर आणि काजळीची बाजू खाली धरा, म्हणजे कार्ब क्लीनर मोटरमध्ये शिरणार नाही. अख्खा व्हॉल्व्ह क्लीनरमध्ये बुडवून ठेवणं म्हणजे पोझिशन सेन्सर गमावणं. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग प्लास्टिक किंवा पितळी ब्रशने घासा. सीट स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली तर तिथून कायमची गळती लागते. अडकलेला व्हॉल्व्ह जोर लावून ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर दात सोडतात.

जोडताना गॅस्केट नवीच घ्या आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. शेवटी स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन करून व्हॉल्व्हला त्याची बंद स्थिती नव्याने शिकवायची. ही पायरी गाळल्यामुळे साफ केलेला व्हॉल्व्हही 'खराब' ठरतो आणि नव्याचा खर्च पडतो.

काजळी का होते ते न बघणं

नुसती काजळी कोरडी असते. तिच्यात ब्रीदरची तेलकट वाफ मिसळली की डांबर होतं. म्हणून व्हॉल्व्ह साफ करताना ब्रीदर, ऑइल सेपरेटर आणि टर्बोच्या तोंडाशी साचलेलं तेलही बघा. दुसरं कारण आपल्या फेऱ्या: पणजीत चार किलोमीटर, म्हापशात बाजाराला थांबा, इंजिन नीट तापतच नाही. आठवड्यातून एकदा पेडण्याच्या दिशेने महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं, २,००० ते २,५०० आरपीएमवर, एका लयीत चालवा. साचलेलं डांबर याने निघणार नाही, पण नवं साचायचं प्रमाण उतरतं.

कूलंट कमी होतंय, बाहेर गळती नाही आणि पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलर (परत येणारा वायू कूलंटने थंड करणारा भाग) फुटलेला असू शकतो. पत्रीने तो बरा होत नाही. प्रेशर टेस्ट करून कूलर बदला.

फक्त ट्रॅकवरची गाडी

रस्त्यावर न उतरणारी, ट्रेलरवरून चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या सर्किटवर जाणारी गाडी असेल तर ईजीआर काढण्याला अर्थ आहे: कूलंटवरचा उष्णतेचा भार आणि थोडं वजन उतरतं. एक्झॉस्टच्या बाजूला ३ मिमी स्टेनलेस ३०४ ची प्लेट लावा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ट्रॅकवर मॅनिफोल्डमधला वायू त्याहून तापतो. कूलर काढल्यावर त्याच्या दोन होज बुच मारून बंद करू नका, त्याच व्यासाच्या पाइपने जोडा आणि सिस्टिममधली हवा काढा. ईसीयूच्या मॅपमध्ये (सेटिंगमध्ये) ईजीआर बंद करा, आणि पेट्रोल असेल तर अर्ध्या थ्रॉटलचं इग्निशन मागे घ्या. पहिल्या सेशननंतर इंजिन थंड झालं की बोल्ट पुन्हा तपासा आणि प्लेटच्या कडेने काळी रेघ उमटली आहे का बघा. रेघ दिसली तर गॅस्केट बसलेलं नाही, ते बदलूनच पुढच्या सेशनला उतरा.