ग्रासहॉपर शिकताय? या चुका टाळा

ग्रासहॉपरमध्ये, म्हणजे राइनो या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधल्या पॅरामेट्रिक मॉडेलिंगच्या साधनात, अडकलेला विद्यार्थी बहुतेक वेळा विचारतो, ‘इथे कुठला कंपोनंट लावू?’ कंपोनंट म्हणजे एकेक काम करणारा ठोकळा; कॅनव्हासवर असे ठोकळे वायरींनी जोडून मॉडेल बनतं. त्याची फाइल उघडून पाहिली की अडचण वेगळीच निघते. काय बदलणार, काय कायम राहणार आणि कशामुळे काय बदलणार, हेच ठरलेलं नसतं. पॅरामेट्रिक मॉडेलिंगचा, म्हणजे आकडे बदलले की आकार आपोआप बदलणाऱ्या मॉडेलचा, सगळा जीव या नात्यांत आहे. ती कागदावर मांडता येत नसतील, तर कॅनव्हासवर वायरींचा गुंता होणारच.

सगळ्यालाच स्लायडर लावणं

जिना घ्या. लँडिंग तूर्त बाजूला ठेवू. मजल्याची उंची ३००० मिमी आणि रायझर (एका पायरीची उंची) १५०, म्हणजे २० रायझर आणि १९ ट्रेड (पाय ठेवायचे आडवे भाग). नवखा विद्यार्थी उंची, रायझर आणि पायऱ्यांची संख्या असे तीन स्लायडर (सरकवून आकडा बदलायच्या पट्ट्या) ठेवतो. पुढे उंची ३१०० झाली की जिना स्लॅबच्या १०० मिमी खालीच संपतो, आणि मग उरलेले दोन स्लायडर हाताने सरकवत बसायची वेळ येते.

इथे स्लायडर दोनच हवेत: मजल्याची उंची आणि रायझरची कमाल मर्यादा. उंचीला मर्यादेने भागा. ३१०० भागिले १५० म्हणजे २०.६७, ते वरच्या पूर्णांकाला न्या, २१. आता उंचीला २१ने भागा, रायझर आला १४७.६ मिमी. ट्रेड २० झाले, म्हणजे ३००च्या ट्रेडने जिन्याची लांबी ५७०० वरून ६०००वर गेली. ही लांबी आपल्या जिन्याच्या जागेत मावते का, तेही त्याच डेफिनिशनमध्ये (कंपोनंटच्या पूर्ण जोडणीत) तपासता येतं. वळणदार टॉवरच्या मागे लागण्याआधी हा जिना करा, असं मी प्रत्येकाला सांगते. नातं बांधणं म्हणजे काय, ते यात हाताला कळतं.

डेटा ट्री समजून न घेता फ्लॅटन दाबणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. डेटा ट्री म्हणजे फांद्या-फांद्यांत विभागलेल्या याद्या; फ्लॅटन त्या सगळ्यांची एकच यादी करतं. पाच मजल्यांच्या दर्शनी भागासाठी पाच आडव्या रेषा काढल्या आणि प्रत्येकीवर आठ बिंदू हवेत. डिव्हाइड कर्व्हला आठ आकडा दिलात तर उघड्या रेषेवर नऊ बिंदू येतात, कारण तो आकडा तुकड्यांचा असतो. म्हणून सात द्या. आता पाच फांद्या आणि प्रत्येकीत आठ बिंदू आहेत. यांना पॉलीलाइन जोडली की मजल्यागणिक एक अशा पाच रेषा मिळतात. मध्ये फ्लॅटन केलंत, तर चाळीसच्या चाळीस बिंदू एकाच यादीत येतात आणि एकच रेषा एका मजल्याच्या टोकावरून दुसऱ्या मजल्याच्या सुरुवातीला तिरकी धावत सुटते. उभ्या रेषा हव्या असतील तर फ्लिप मॅट्रिक्स लावा, म्हणजे पाच बिंदूंच्या आठ फांद्या होतील.

दुसरा घोळ याद्यांच्या जोड्यांचा. एका इनपुटला आठ आणि दुसऱ्याला पाच गोष्टी दिल्या, तर उत्तरं आठच येतात. छोटी यादी संपली की तिचा शेवटचा घटक पुन्हा पुन्हा वापरला जातो. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी हवी असेल तर एका यादीला ग्राफ्ट करा, म्हणजे प्रत्येक घटकाची वेगळी फांदी होते आणि चाळीस उत्तरं येतील. शंका आली की पॅनल किंवा पॅरॅम व्ह्यूअर लावून फांद्या मोजा. फ्लॅटन आणि ग्राफ्ट आळीपाळीने दाबून चित्र कधीतरी बरोबर येतंही, पण का आलं ते कळत नाही, आणि पुढच्या फाइलमध्ये पुन्हा तोच गोंधळ.

काही नेहमीची दुखणी

लॉफ्ट (वक्रांवरून ओढलेला पृष्ठभाग) पिळवटलेला दिसतोय? बंद वक्रांचे सीम (वक्र जिथे सुरू होऊन संपतो तो बिंदू) एका रांगेत नाहीत. लॉफ्ट ऑप्शन्समधलं अ‍ॅडजस्ट सीम्स चालू करा. वक्र उघडे असतील तर त्यांच्या दिशा तपासा आणि उलटे असतील ते फ्लिप कर्व्हने वळवा.

सरफेसच्या मध्यासाठी ०.५, ०.५ दिलं आणि बिंदू कोपऱ्यात गेला? इनपुटवर राइट क्लिक करून रीपॅरामीटराइझ करा, म्हणजे सरफेसची मोजणी ० ते १ मध्ये येईल.

कंपोनंट नारिंगी झाला म्हणून घाबरू नका. बऱ्याचदा एखादी वायर जोडायची राहिलेली असते. लाल झाला तर मात्र वरच्या फुग्यातला मजकूर आधी वाचा, मग कुणाला तरी विचारा.

साइट प्लॅन आणल्यावर मॉडेल दातेरी दिसतं, बूलियन (आकार एकमेकांत मिसळणं किंवा वजा करणं) फसतात. सर्व्हेचे कोऑर्डिनेट तसेच आलेले असतात. यूटीएममध्ये (नकाशावर जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत) पुण्याचं नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) साधारण २० लाख मीटर आहे, आणि मूळ बिंदूपासून इतक्या लांब अचूकता ढासळते. प्लॅन मूळ बिंदूजवळ हलवा, युनिट्स तपासा, मग कामाला लागा.

फाइल उघडताच सगळं गोठतं? ग्रासहॉपर रिकामं सुरू करा, सोल्यूशन मेनूतून सॉल्व्हर (गणित करणारा भाग) बंद करा, मग फाइल उघडून जड भाग डिसेबल करा.

दुसऱ्या अक्षांशाची जाळी उचलणं

ऊन अडवणाऱ्या जाळीचे बरेच ट्युटोरियल युरोप-अमेरिकेतले असतात. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. पुणे १८.५ अंशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला जातो. २१ जूनला तो क्षितिजापासून ८५ अंश वर असतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेला ४८ अंशांवर. त्यामुळे ‘उत्तर बाजू मोकळी, दक्षिण बंद’ हे गृहीत धरलेली डेफिनिशन इथे चुकते. शिवाय पश्चिमेचं खालचं ऊन जिथल्या तिथे राहतं, आणि मोठ्या भोकांतून पावसाची झड आत येते ती वेगळीच. अट्रॅक्टर पॉइंटने (ज्याच्यापासूनच्या अंतरावर आकार ठरतो त्या बिंदूने) भोकं लहान-मोठी करणं सोपं आहे. तो पॉइंट तिथेच का, याचं उत्तर ऊन, वारा, पाऊस किंवा आतल्या खोलीच्या वापरातून यायला हवं. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, नेमका हाच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.

बनवायचं कसं, हे शेवटी ठेवणं

सिडनी ऑपेरा हाउसच्या कवचांना १९५७ च्या स्पर्धेतल्या रेखाटनांत ठरलेली भूमिती नव्हती. १९६१ मध्ये ती सगळी साधारण ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापलेली, असं ठरलं. त्यामुळे बरगड्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांतून ओतता आले. संगणकावर मुक्त वक्र काढणं आज फुकट आहे, म्हणून असं बंधन आपणच घालून घ्यावं लागतं.

तुमच्या दोनशे पॅनलपैकी वेगळे किती आहेत, ते मोजा. सपाट आहेत का, ते पाहा. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते. पॅनल त्यात बसवून किती शीट लागतात, ते डेफिनिशनमध्येच मोजून ठेवा. जाडी पहिल्या दिवसापासून धरा. शून्य जाडीचे सरफेस स्क्रीनवर नीट जुळतात, पण १२ मिमीची प्लाय कोपऱ्यात एकमेकीत घुसते. मॉडेल कापायला देण्याआधी एक जोड खऱ्या प्लायमध्ये करून पाहा. बेक केलेली, म्हणजे ग्रासहॉपरमधून राइनोत उतरवलेली, भूमिती डेफिनिशनशी जोडलेली राहत नाही, म्हणून कटिंगची फाइल देण्याआधी जुनी बेक पुसा. जोडीदाराला नुसती ग्रासहॉपर फाइल पाठवणार असाल, तर राइनोतून घेतलेले वक्र इंटर्नलाइझ करून, म्हणजे त्याच फाइलमध्ये साठवून, पाठवा.