रिस्टोर करताना ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ आलं तर काय करावं?

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर बॅकअप रिस्टोर करायला, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीतून डेटाबेस परत उभा करायला घेतला की अनेकांच्या पडद्यावर हा संदेश येतो: मेसेज ३२०१, ‘कॅनॉट ओपन बॅकअप डिव्हाइस’, आणि पुढे ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. फाइल तर समोर डेस्कटॉपवर दिसते, तुम्ही संगणकाचे अ‍ॅडमिनही असता, मग नकार कुणाला?

नकार तुम्हाला नाहीच. मॅनेजमेंट स्टुडिओ, म्हणजे ज्या खिडकीतून तुम्ही सर्व्हर हाताळता तो प्रोग्रॅम, फक्त तुमची आज्ञा पोचवतो. फाइल उघडते ती एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस, म्हणजे मागे चालू असणारा त्याचा मुख्य प्रोग्रॅम, आणि ती स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालते. तुमच्या डेस्कटॉपवर किंवा डाउनलोड्समध्ये त्या खात्याला सहसा प्रवेश नसतो. म्हणूनच स्टुडिओ ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडला तरी हा अडथळा हटत नाही.

१. आधी एररचा आकडा नीट वाचा. ५ म्हणजे परवानगी नाही. २ किंवा ३ असेल तर फाइलचं नाव किंवा मार्ग चुकलाय. ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे. मेसेज २६२ आला तर प्रश्न फाइलचा नाही, तुमच्या लॉगिनला डेटाबेस तयार करण्याचा अधिकार नाही. तो सर्व्हरच्या अ‍ॅडमिनकडून घ्यावा लागेल.

२. सर्व्हिसचं खातं शोधा. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत एसक्यूएल सर्व्हरच्या ओळीत ‘लॉग ऑन अ‍ॅज’ रकाना पाहा. नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये तिथे ‘एनटी सर्व्हिस’, उलटी तिरपी रेघ आणि ‘एमएसएसक्यूएलसर्व्हर’ असं नाव असतं. एक्स्प्रेस आवृत्तीत शेवटचा भाग ‘एमएसएसक्यूएल’, डॉलरचं चिन्ह आणि ‘एसक्यूएलएक्स्प्रेस’ असा असतो.

३. शक्य असेल तर फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये न्या. सर्व्हिसला तिथे आधीच परवानगी असते. इथे एक खाच आहे: कट-पेस्ट करू नका, कॉपी करा. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते आणि एरर ५ तशीच राहते. कॉपी मात्र नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते.

४. फाइल अवाढव्य असेल, कॉपीला जागा नसेल, तर ती आहे त्या फोल्डरवरच परवानगी द्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, एडिट, अ‍ॅड. ‘लोकेशन्स’मध्ये डोमेन (कार्यालयातल्या संगणकांचं एकत्र सांभाळलेलं विंडोज नेटवर्क) नव्हे, हाच संगणक निवडा. दुसऱ्या पायरीत सापडलेलं सर्व्हिसच्या खात्याचं नाव पूर्ण टाइप करा. शोधयादीत ते सहसा सापडत नाही. बॅकअप वाचण्यापुरती ‘रीड’ परवानगी बास. घाईत ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया ऐकू नका. एन्क्रिप्ट न केलेली बॅकअप फाइल ज्याच्या हाती पडेल तो ती आपल्या सर्व्हरवर रिस्टोर करून सगळ्या ग्राहकांची माहिती वाचू शकतो.

५. बॅकअप उघडला, पण आता मेसेज ५१३३ आला? म्हणजे डेटाबेसच्या फाइली जिथे लिहायच्या आहेत तो फोल्डर अडवतोय. जुन्या सर्व्हरवरचा मार्ग बॅकअपमध्ये नोंदलेला असतो आणि नव्या यंत्रावर तो फोल्डर बहुधा नसतोच, किंवा असला तरी सर्व्हिसला बंद असतो. रिस्टोरच्या खिडकीत ‘फाइल्स’ पानावर ‘रीलोकेट ऑल फाइल्स टू फोल्डर’वर खूण करा आणि सर्व्हरचा ‘डेटा’ फोल्डर द्या.

६. फाइल नेटवर्कवर असेल तर झेड वगैरे मॅप केलेलं ड्राइव्ह-अक्षर वापरू नका. ते तुमच्या लॉगिनपुरतं असतं, सर्व्हिसला दिसत नाही. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण मार्ग द्या. डोमेनमध्ये वर सांगितलेलं ‘एनटी सर्व्हिस’ खातं नेटवर्कवर संगणकाच्या नावाने ओळखलं जातं, त्यामुळे परवानगी त्या संगणकाच्या खात्याला द्यावी लागते, आणि तीही दोन्हीकडे: शेअरवर (फोल्डर नेटवर्कवर खुला करतानाच्या परवानग्यांत) आणि फोल्डरच्या सिक्युरिटीत. यातली एक राहिली तरी एरर ५ परत येते.